पिस्टन फायटरचा एक्झॉस्ट कसा वाचायचा: नव्याने नाद लागलेल्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर विमानांचा नाद नवीन लागलेली मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात, की फोटो बघून हे विमान नक्की कुठलं, कुठल्या मार्कचं (म्हणजे कुठल्या आवृत्तीचं), ते कसं ओळखायचं. माझं उत्तर कायम तेच असतं, आधी नाकाच्या बाजूला असलेल्या धुराच्या नळ्या बघा, पंख, बंदुका, रंग वगैरे सगळं नंतर. कारण इंजिन कुठलं, ते सुलटं बसवलंय का उलटं, विमान दिवसा लढायचं का रात्री, उंचावर जायचं का खालीच घिरट्या घालायचं, हे सगळं त्या नळ्यांवरून कळतं. आणि खरं सांगायचं तर डिझायनरने उरलेल्या ताकदीचं काय केलं हे विमानावर दुसरीकडे कुठेच इतकं उघड दिसत नाही, म्हणून मला हा भाग सगळ्यात आवडतो.

खाली मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितोय. मॉडेल बनवणाऱ्यांना थेट उपयोग होईल, बाकीच्यांना म्युझियममध्ये.

आधी डोक्यातून सायलेन्सर काढा

आपल्याकडे बाइकच्या धुराच्या अख्ख्या नळीला सरसकट सायलेन्सर म्हणतात, त्यामुळे एक्झॉस्ट म्हटलं की आवाज कमी करायची वस्तू असं डोक्यात बसलेलं असतं. फायटरवर आवाज कमी करायचा प्रयत्नच नसतो, ती सगळी पुंगळी काढलेल्या बुलेटसारखी असतात, सिलिंडरच्या तोंडाशी वीतभर लांबीचा स्टब आणि लगेच बाहेर हवा. त्या वीतभर तुकड्याचा आकार, दिशा आणि तोंड यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं घातलंय.

एक आकडेमोड करून बघा म्हणजे किती माल बाहेर पडतो ते कळेल. रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं, व्ही आकाराचं. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा २७ लिटर हवा आत जाते, ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे झाले चाळीस हजार लिटर, आणि सुपरचार्जर हवा दाबून भरतो त्यामुळे बाहेरच्या साध्या हवेत मोजलं तर त्याहून जास्त. प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा धूर टाकतो, बारा मिळून ३०० वेळा. हा धूर एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी इतका गरम असतो की मर्लिनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेलं असायचं, ते वितळून आत वरखाली हलतं आणि उष्णता डोक्याकडून दांड्याकडे वाहून नेतं, नाहीतर व्हॉल्व्ह जळलाच असता. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग असा नळीतून निघून जातो. आता हा वाटा तसाच सोडून द्यायचा का त्यातून काही परत मिळवायचं, इथून पुढची सगळी गोष्ट सुरू होते.

पायरी १: नळ्या मोजा

सगळ्यात सोपी पायरी, आणि बरेच जण हीच करत नाहीत. एका बाजूच्या नळ्या मोजायच्या आणि इंजिनाच्या सिलिंडरांशी ताडून बघायच्या.

स्पिटफायर मार्क १ ला एका बाजूला तीन दिसतात. आत मर्लिन, म्हणजे एका बाजूला सिलिंडर तर सहा आहेत, मग? दोन-दोन सिलिंडरांची एकेक जोडी करून एक नळी दिलीय. मार्क ९ ला एका बाजूला सहा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची. फोटोत तीन दिसले की मार्क १, २ किंवा ५ च्या बाजूने विचार सुरू करायचा, सहा दिसले की ९ किंवा पुढचं. पण एवढ्यावर शिक्का मारू नका, कारण उशिराच्या काही मार्क ५ वर पण सहा नळ्या होत्या, त्यामुळे सोबत पंखाखाली बघायचं, मार्क ५ ला एका पंखाखाली मोठा रेडिएटर आणि दुसऱ्याखाली छोटा गोलसर ऑइल कूलर असतो आणि मार्क ९ ला दोन्हीकडे सारखेच मोठे डबे. ग्रिफन इंजिन असलेल्या मार्क १४ ला पण सहाच, पण तिथे नाकावर सिलिंडरांच्या रांगांच्या वर दोन लांबट फुगवटे दिसतात, कारण ग्रिफन ३६.७ लिटरचं धूड आहे.

हॉकर टायफूनला पण एका बाजूला सहाच नळ्या. इथे नवीन माणूस फसतो आणि म्हणतो व्ही-१२ असणार. नाही, आत नेपियर सेबर आहे, आडव्या एच आकाराचं, २४ सिलिंडरचं, एका नळीत दोन सिलिंडर. आणि मॉस्किटोच्या बऱ्याच फोटोंत एका बाजूला पाचच दिसतात, सहावी तुटलेली नाही, मागचे दोन सिलिंडर एकत्र केलेत, कारण मागे लगेच पंखाच्या कडेतला रेडिएटर येतो आणि त्याच्या तोंडात गरम धूर जाऊ द्यायचा नाही.

पायरी २: नळ्यांची रांग किती उंचीवर आहे

व्ही इंजिन सुलटं बसवलं तर सिलिंडरांची डोकी वर येतात, म्हणून एक्झॉस्ट नाकाच्या वरच्या अंगाला, पायलटच्या नजरेच्या जवळपास. मर्लिन, ग्रिफन, अमेरिकन अ‍ॅलिसन, सगळी सुलटी. जर्मनांनी डायमलर-बेंझची डीबी ६०१, ६०५ आणि युंकर्सची युमो ही इंजिनं उलटी टांगली, त्यामुळे मेसरश्मिट १०९ ची नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अर्ध्या भागात दिसते आणि वरचा भाग मोकळा राहतो, तिथे बंदुका बसतात आणि पायलटला पुढचं जरा बरं दिसतं.

याचा एक खूप कामाचा उपयोग सांगतो. युद्धानंतर स्पेनने १०९ च्या सांगाड्यात मर्लिन बसवून बुचॉन नावाचं विमान बनवलं आणि आज एअर शोमध्ये, शूटिंगमध्ये १०९ म्हणून जे उडताना दिसतं ते बऱ्याचदा हे बुचॉनच असतं. ओळखायची खूण एकच, नाकावर नळ्या वर आहेत का खाली. वर असतील तर ते अस्सल १०९ नाही. तसंच फोके-वुल्फ १९० डी-९ समोरून बघितलं तर गोल नाक दिसतं आणि माणूस म्हणतो रेडियल इंजिन (सिलिंडर गोलाकार मांडलेलं), पण बाजूला सहा नळ्यांची सरळ रांग दिसते, म्हणजे आत युमो २१३ व्ही-१२ आहे आणि पुढचा गोल भाग हा नुसता रेडिएटर.

पायरी ३: तोंड बघा, आणि ते कुठे बघतंय ते

इथे थांबा जरा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

स्पिटफायरचा पहिला नमुना के५०५४ मार्च १९३६ मध्ये उडाला तेव्हा धूर बाजूला सोडून देत होते. पुढे रोल्स-रॉइसच्या लोकांच्या लक्षात आलं की पूर्ण ताकदीला हा धूर ताशी साधारण २१०० किलोमीटरने बाहेर पडतोय, मग तो बाजूला सोडण्याऐवजी मागे का नाही वळवायचा. सप्टेंबर १९३७ मध्ये त्याच के५०५४ वर मागे तोंड केलेले इजेक्टर एक्झॉस्ट बसवले. चाचणीत ताशी ४८० किलोमीटर वेगाला साधारण ३२ किलो, म्हणजे ७० पौंड ढकल मिळाली आणि विमानाचा कमाल वेग ताशी १० मैलांनी वाढून ३६० मैल झाला. इंजिनाला हात न लावता, नुसता नळीचा बाक बदलून.

आता पुस्तकांत लिहितात की ही ढकल म्हणजे सुमारे ७० हॉर्सपॉवर. हा आकडा आला कुठून ते एकदा स्वतः करून बघा, मी पहिल्यांदा केला तेव्हाच मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. ३२ किलो म्हणजे साधारण ३१० न्यूटन. ताशी ४८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३४ मीटर. दोन्हीचा गुणाकार ४१,५०० वॅट, म्हणजे ५६ हॉर्सपॉवर. मग ७० कसे? कारण प्रोपेलर इंजिनाची सगळी ताकद पुढे ढकलण्यात लावू शकत नाही, शंभरातले ऐंशी धरा. तेवढीच ढकल प्रोपेलरकडून हवी असती तर इंजिनाला शाफ्टवर ७० हॉर्सपॉवर जास्त द्यावी लागली असती.

या गुणाकारात अजून एक गोष्ट लपलीय. ढकल गुणिले वेग, म्हणजे वेग शून्य तर फायदा शून्य. धावपट्टीवर उभं असताना त्या नळ्या कितीही गर्जल्या तरी उपयोग नाही, जसजसा वेग वाढतो तसतसा हिशेब गोड होत जातो. उंचावर तर अजूनच, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी, धूर जास्त जोरात सुटतो, आणि तिथे इंजिन बिचारं दमायला लागलेलं असतं तेव्हा ही मदत जास्त जाणवते. म्हणून हे डोकं फायटरवर चालवलं आणि हार्वर्डसारख्या ट्रेनरवर नाही, त्याला उजव्या बाजूला एकच लांब नळी, तिच्याभोवती आवरण घालून कॅबिनला गरम हवा घेतली की झालं.

तोंडाच्या आकाराकडे या आता. सुरुवातीचे इजेक्टर गोल तोंडाचे होते, नंतर माशाच्या शेपटीसारखे चपटे आले, त्यांनाच फिशटेल म्हणतात. चपट्या तोंडाने ढकल थोडी वाढली आणि रात्री ज्वाळ कमी दिसायला लागली. पुढे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी दिल्यावर अजून ताशी काही मैल मिळाले. एवढ्याशा मैलांसाठी एवढा खटाटोप का असं वाटेल, पण पाठीमागे शत्रू लागलेला असताना ते मैल कोणी नाकारत नाही.

मग तोंड अजून बारीक का नाही केलं? बागेत पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, तसं धुराचंही होतं, पण अंगठा जास्त दाबला की मागे दाब तुंबतो. तो तुंबलेला दाब पिस्टनला धूर ढकलताना जाणवतो, सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही, पुढच्या वेळी ताजी हवा कमी भरते आणि शाफ्टवरची ताकद घटते. नळीतून दहा मिळवायला गेलो आणि प्रोपेलरवरचे वीस घालवले असं व्हायचं. योग्य मापाचं तोंड शोधणं हेच इथलं खरं काम.

एकदा एका ओळखीच्यांकडे मर्लिनचा सुटा फिशटेल स्टब हातात घेऊन बघायला मिळाला. दोन अर्धे दाबून बनवलेले पत्रे आणि कडेने वेल्डची शिवण, अगदी बोटाला लागते अशी. तोंड इतकं चपटं की माझी दोन बोटं आडवी जेमतेम आत जात होती. फ्लॅंजपाशी (इंजिनाला बोल्टने जोडायच्या कडेपाशी) पत्रा निळा-जांभळा झालेला, मधे तपकिरी, आणि आतल्या बाजूला फिकट राखाडी भुकटीचा थर, बोट फिरवलं तर खडूसारखा. ती भुकटी कशाची ते पुढे सांगतो.

आणि हो, एक गोंधळ इथेच मिटवून टाकतो. मस्टँगच्या पोटाखालच्या डब्यातून पण थोडी ढकल मिळते असं वाचाल, त्याला मेरेडिथ इफेक्ट म्हणतात, फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रातल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथने १९३५ साली ती कल्पना मांडली. पण ती रेडिएटरमधून जाणारी तापलेली हवा आहे, इंजिनाचा धूर नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ४: गोल नाक असेल तर

रेडियल इंजिनात सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सगळ्यांचा धूर एका कड्यात गोळा करायचा आणि खाली एक-दोन नळ्यांनी सोडून द्यायचा. जपानच्या सुरुवातीच्या झिरो फायटरवर असंच होतं. १९४३ च्या ए६एम५ या झिरोवर मात्र कावलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) मागच्या कडेला छोट्या छोट्या वेगळ्या नळ्या आल्या, मागे तोंड केलेल्या, हीच ढकल मिळवायला. दोन झिरो शेजारी ठेवले तर सर्वात पटकन डोळ्यात भरणारा फरक हाच.

जर्मनांचं एफडब्ल्यू १९० ए मला या बाबतीत फार सुंदर वाटतं. बीएमडब्ल्यू ८०१, दोन ओळींत १४ सिलिंडर, घट्ट आवळलेलं कावलिंग, पुढे हवा खेचायला पंखा, आणि नळ्या सगळ्या मागे नेऊन बाजूला आणि पोटाखाली गुच्छाने सोडलेल्या. २३ जून १९४२ ला एक जर्मन पायलट, आर्मिन फाबर, दिशा चुकून वेल्समधल्या पेंब्री तळावर ए-३ घेऊन उतरला आणि इंग्रजांच्या हातात हे सगळं आयतं पडलं. रेडियल इंजिन इतकं नीटस बसवता येतं हे त्यांनी जवळून पाहिलं आणि सेंटॉरस इंजिनाच्या टेम्पेस्ट २ मध्ये त्याचा उपयोग झाला, तिथेही नळ्या कावलिंगच्या मागे दोन्ही बाजूंना रांगेने येतात. हा टेम्पेस्ट २ पुढे आपल्या हवाई दलाने वापरला, १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत सुद्धा.

पायरी ५: नळी बाहेर येतच नसेल तर तिच्या मागे जा

काही विमानांवर एवढं मोठं इंजिन आहे आणि एक्झॉस्ट दिसतच नाही असं होतं. मग समजायचं की धुराला दुसरं काम लावलंय. पी-४७ थंडरबोल्ट घ्या. पुढे १८ सिलिंडरचं आर-२८०० आणि टर्बो (धुराच्या जोरावर चालणारा सुपरचार्जर) मात्र शेपटीकडे, पायलटच्या मागे. धूर पोटातून लांबच लांब नळ्यांनी मागे जातो, टर्बोचं चाक फिरवतो आणि तिथेच पोटाखालून बाहेर पडतो, आणि त्या चाकाने दाबलेली हवा परत पुढे इंजिनाकडे. विमानाचं पोट एवढं खोल दिसतं त्यात या नळ्यांचा मोठा वाटा आहे. बदल्यात २५,००० फुटांवरसुद्धा इंजिन २,००० हॉर्सपॉवर देत राहतं. पुढे नाकाच्या मागे खालच्या अंगाला दोन्हीकडे एकेक तोंड दिसेल ते वेस्ट गेटचं, टर्बोला नको असलेला धूर तिथून सोडायचा. पी-३८ लाइटनिंगवर तर टर्बो दोन्ही बूमच्या (इंजिनापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) वर उघडेच पडलेले दिसतात.

म्हणजे दोन रस्ते आहेत, धूर मागे फेकून ढकल घ्या, नाहीतर त्याच धुराने चाक फिरवून उंचीवरची ताकद घ्या. एकाच धुरातून दोन्ही पुरेपूर मिळत नाही. मर्लिनवाल्यांनी सुपरचार्जर गिअरने चालवला आणि धूर ढकलीसाठी ठेवला. माझं मत विचाराल तर स्पिटफायरसारख्या बारक्या विमानासाठी हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, टर्बोच्या नळ्या त्यात कोंबायला जागाच नव्हती.

पायरी ६: पायलटच्या जागी बसून बघा

फोटो बघताना ही पायरी कोणी करत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्या नळ्यांच्या मागे दीड-दोन मीटरवर एक माणूस बसलेला आहे.

रात्री स्टबच्या तोंडातून निळी ज्वाळ दिसते, मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असेल तर पिवळी-नारिंगी. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि ही ज्वाळ ती क्षणात घालवते, उतरताना पुढे काय आहे ते दिसत नाही. म्हणून रात्री उडणाऱ्या हरिकेनच्या नाकावर, स्टब आणि काच यांच्या मधे, एक आडवी पत्र्याची पट्टी उभी केलेली दिसेल, नुसती पट्टी, पण पायलटच्या डोळ्यांसाठी. १०९ वर पण नळ्यांच्या वर पत्र्याची पट्टी असते.

दुसरी बाजू शत्रूची. अंधारात ज्वाळ दिसली की जागा कळली. म्हणून रात्रीच्या बऱ्याच मॉस्किटोंवर उघड्या स्टबऐवजी नळ्यांवर आवरण घातलेलं असायचं, ज्वाळ आतच विझावी म्हणून. किंमत म्हणजे वेग, कारण मागे फेकायची ढकल गेली आणि वर फुगवटा आला. मॉडेल बनवताना रात्रीच्या मॉस्किटोला उघडे स्टब किंवा दिवसाच्याला आवरण लावायच्या आधी ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचाच फोटो शोधा. मी एकदा एका दुकानातून ऑनलाइन मार्क ५ साठी तीन-तीनचे रेझिन एक्झॉस्ट मागवले होते आणि सहा-सहाचे आले, पाकिटावर मात्र मार्क ५ च छापलेलं, त्यामुळे पाकिटावर विश्वास ठेवू नका, मोजा.

आणि तिसरी गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. टायफूनच्या कॉकपिटमध्ये हा वायू झिरपायचा. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये नळ्या लांब केल्या, धूर कॉकपिटपासून दूर पडावा म्हणून, त्याच सुमाराला डावीकडचं दार सील केलं. तरी प्रश्न पूर्ण कधीच सुटला नाही, शेवटपर्यंत टायफूनचे पायलट इंजिन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत ऑक्सिजनचा मास्क लावूनच बसायचे, जमिनीवर असताना सुद्धा. नळी दोन इंच लांब का केली असेल असा प्रश्न पडला की उत्तर दर वेळी वेगात नसतं, कधी कधी असं असतं.

आणि थंडी पण. उंचावर पंखातल्या बंदुका गोठून अडकायच्या. आधी रेडिएटरची गरम हवा नेऊन त्या गरम ठेवायचे, पण मर्लिन सुधारत गेलं, विमानं अजून उंच, अजून थंडीत जायला लागली आणि ती हवा पुरेनाशी झाली. मग स्पिटफायरच्या पुढच्या मार्कवर एक्झॉस्टमधूनच पुढे तोंड केलेली बारीक नळी काढून हवा तापवून बंदुकांना दिली. स्टबच्या रांगेत पुढच्या टोकाला बारीक नळीचं तोंड दिसलं तर ते हेच.

पायरी ७: डाग आणि धूर वाचा

आता त्या राखाडी भुकटीबद्दल. १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड असायचं, नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडणं, होऊ नये म्हणून. जळल्यावर त्यातलं शिसं फिकट राखाडी थर बनून चिकटतं. त्यामुळे खऱ्या विमानावर एक्झॉस्टचा डाग नुसता काळा नसतो. क्रूझला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) ठेवून बराच वेळ उडालेल्या विमानावर फिकट राखाडी, मातकट पट्टा दिसतो, आणि रिच मिश्रणावर, जमिनीवर रेंगाळत, पूर्ण ताकदीला चालवलं की काजळी. बऱ्याच फोटोंत कडेला काळं आणि मधे फिकट असं दोन्ही असतं. नवीन मॉडेलर सरळ काळा रंग एअरब्रशने मारतो आणि विमान जळाल्यासारखं दिसतं.

मॉडेलवर मी असं करतो. आधी स्टबची तोंडं पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) हलकेच पोखरतो, चपट्या तोंडात दोन-तीन बारीक भोकं शेजारी शेजारी पाडून मधला भाग सुरीच्या टोकाने काढायचा, एकाच मोठ्या भोकाच्या नादात कड फुटते. मग गनमेटलवर तपकिरी, गंजाच्या जवळ जाणारा वॉश, तोंडापाशी थोडी काजळी. बॉडीवरचा डाग खूप पातळ रंगाने, आधी रुंद मातकट, मग त्यावर अरुंद काळपट, मग अगदी थोडं फिकट राखाडी पिग्मेंट. डाग सरळ रेषेत ओढू नका, हवा जशी वाहते तसा तो जातो, स्पिटफायरवर तो पंखाच्या मुळावरून वळून जातो. आणि दोन्ही बाजू सारख्या करू नका, प्रोपेलर हवा गोल पिळून मागे टाकतो, त्यामुळे डावा आणि उजवा डाग वेगळा पडतो.

एअर शोमध्ये खरं इंजिन सुरू होताना बघायला मिळालं तर धुराचा रंग बघा. निळसर म्हणजे ऑइल, रेडियल आणि उलट्या इंजिनांत उभं असताना ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरतं, त्यामुळे सुरुवातीचा निळा ढग नेहमीचाच, म्हणून रेडियल सुरू करायच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवून बघतात, आत तेल साचून पिस्टन अडकत नाही ना ते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. कूलंटवाल्या इंजिनातून पांढरी वाफ सतत येत राहिली तर मात्र कूलंट आत गळतंय अशी शंका घ्यायची. सुरू करताना प्रायमिंग (आधी थोडं पेट्रोल आत मारणं) जास्त झालं तर स्टबमधून ज्वाळांचे लोट येतात, बघणाऱ्याला वाटतं विमान पेटलं, पण पायलट घाबरून बंद करत नाही, इंजिन फिरवत ठेवतो म्हणजे ज्वाळ उडून जाते, आणि खाली एक जण फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असतोच. थ्रॉटल मागे घेतल्यावर फट फट आवाज येतात ते म्हणजे न जळलेलं पेट्रोल नळीत जळतंय, आपल्याकडे बुलेटवाले फटाके फोडतात तसंच, फक्त इथे ते मुद्दाम नसतं.

जवळ जायची परवानगी मिळाली तर इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला असला तरी स्टबला हात लावू नका, आणि चालू इंजिनाच्या बाजूला, धुराच्या वाटेत उभं राहू नका.

सरावाला काय घ्याल

तीन फोटो शोधा, स्पिटफायर मार्क १, मेसरश्मिट १०९ जी आणि पी-४७. वर सांगितलेल्या सात पायऱ्या कागदावर लिहून प्रत्येकासाठी उत्तरं भरा, किती नळ्या, किती उंचीवर, तोंड कसं, कुठे बघतंय, धूर शेवटी कुठे जातो, पायलटसाठी काय केलंय, डाग कसा. तिसऱ्या फोटोला नळी कुठे आहे हे शोधण्यातच जास्त वेळ जाईल, जाऊ द्या.

दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या एअर फोर्स म्युझियममध्ये हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट २ तिन्ही आहेत, म्हणजे मर्लिन, ग्रिफन आणि सेंटॉरस एकाच फेरीत. लंडनला असाल तर हेंडनच्या आरएएफ म्युझियमचं टायफून चुकवू नका, पूर्ण अवस्थेत जगात उरलेलं ते एकच, आणि त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून नळ्यांपासून कॉकपिटचं अंतर नजरेने मोजा. फोटो काढताना फक्त बाजूने काढू नका, एक पुढून तिरका काढा म्हणजे नळीचा बाक दिसतो, एक अगदी मागून काढा म्हणजे तोंडाचा आकार दिसतो. टेम्पेस्टचा मागून फोटो घ्यायला पंखाच्या मुळाशी थोडं वाकावं लागतं, तिथून कावलिंगच्या कडेची ती सगळी तोंडं एकाच फ्रेममध्ये येतात.